या प्रश्नचिन्हाचा धनी कोण?

'परप्रांतात आलेला मराठी माणूस आजारपणाचे फार कौतुक करतो,' असा शेरा आमच्या येथील महाराष्ट्र मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी गेल्या कोजागरीच्या बैठकीत मारला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, त्या झाल्या, अहवाल निर्दोष आले, तर मनुष्याने समाधान मानावे व कामाला लागावे. उत्तरे शोधीत दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवू नयेत आणि भ्रमणध्वनीवर वाचून स्वतःस रोज नवा रोग लावून घेऊ नये. गृहस्थ वयाने व मानाने मोठे आहेत, आणि त्यांच्या सद्हेतूविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. आपल्या नोकरपेशा वर्गात ते सर्वत्र पसरलेले आहे आणि ते घातक आहे. म्हणून त्याचा जाहीर प्रतिवाद करणे मला अवश्य वाटते.

माझा या विषयाशी संबंध काय, तेही सांगितले पाहिजे. मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत उच्चश्रेणी लिपिक आहे. वय छत्तीस. रायपूर, प्रयागराज आणि आता जयपूर अशी माझी आजवरची वाटचाल. गेली अडीच वर्षे माझा डावा पाय चालता चालता ताठतो. अर्धा मैल बरा जातो, मग अंगठा आतल्या बाजूस वळू लागतो, पाऊल जमिनीला घासते आणि डाव्या बुटाचा पुढचा तळ उजव्याच्या आधी झिजतो. पाय दुखत मात्र नाही. या अवधीत दोन शहरांत मिळून मी पाच डॉक्टरांपुढे उभा राहिलो. कमरेचे चित्र निघाले, मग मेंदूचे निघाले, रक्त चार वेळा गेले. सर्वांवर एकच शब्द: 'नॉर्मल'. यांपैकी एका तज्ज्ञाने मला तीन-चार मिनिटे पाहून चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'पार्किन्सन' असे लिहिले आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढले. त्यानंतरच्या तज्ज्ञाने ती चिठ्ठी पाहिली, बाजूला ठेवली आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. ते प्रश्नचिन्ह त्याने खोडले नाही आणि कायमही केले नाही. माझी तक्रार त्या चिन्हाविषयी आहे. शंका येणे हा डॉक्टराचा गुणच आहे. पण शंका कागदावर उतरवून नंतर ती अनाथ सोडून देणे, याला काय म्हणावे?

आता 'अहवाल निर्दोष' या महावाक्याकडे वळू. ज्या रोगाची शंका येथे घेतली गेली, त्याचे निदान ठरवील अशी रक्ताची तपासणी नित्याच्या व्यवहारात नाही. मेंदूचे जे एम्. आर्. आय्. चित्र आपण सारे हजारो रुपये मोजून काढतो, ते पार्किन्सनच्या रुग्णात बहुधा निर्दोषच दिसते. ते काढावयाचे ते दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. हालचालींच्या विकारांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली जे निकष प्रसिद्ध केले, त्यांचा पायाच मुळी प्रत्यक्ष तपासणी हा आहे. हालचाली मंदावल्या आहेत काय, आणि त्याच्या जोडीस ताठरपणा किंवा स्वस्थ असताना येणारा कंप आहे काय, हे डोळ्यांनी व हातांनी पाहावयाचे असते. रुग्णाला बोटे भराभर जुळवावयास सांगावी, टाच जमिनीवर आपटावयास सांगावी, व्हरांड्यात वीस पावले चालवून वळावयास लावावे, मनगट व गुडघा हातात धरून हलवून पाहावा. यास यंत्र लागत नाही. लागतात ती पंधरा-वीस मिनिटे, आणि नेमकी तीच मिळत नाहीत. मग ज्या कागदावर या रोगाचे उत्तर बहुधा उमटतच नाही, त्या कागदावर उत्तर नाही म्हणून रोग नाही, हा कोठला न्याय?

ताठरपणाचेही दोन प्रकार आहेत, आणि दोहोंची वाट निरनिराळी आहे. एका प्रकारात तपासणाराने पाय जितक्या वेगाने हलवावा तितका विरोध वाढतो आणि मग घडीचा चाकू मिटावा तसा एकाएकी सुटतो. येथे दोष मेंदूपासून मज्जारज्जूतून उतरणाऱ्या आज्ञामार्गात असतो. दुसऱ्या प्रकारात शिशाची नळी वाकवावी तसा आरंभापासून अखेरपर्यंत सारखाच विरोध लागतो. तो पार्किन्सनच्या जातीचा. हातास जो भेद अर्ध्या मिनिटात कळतो, तो चित्रात दिसत नाही. तळपायावरून बोथट काडी ओढली असता अंगठा वर उचलला जातो की खाली वळतो, हे पाहण्याची रीत बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टराने १८९६ साली सांगितली. पाच डॉक्टरांपैकी माझ्या पायातील मोजा किती जणांनी उतरविला, असे कोणी विचाराल तर उत्तर आहे: एकाने.

उलट माझ्या कमरेचे चित्र मात्र तत्परतेने निघाले. वाचकांपैकी पुष्कळांचे निघाले असेल. पायाची तक्रार म्हटली की कंबर, असे समीकरणच बसून गेले आहे. वास्तविक प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि त्याखाली उरतो तो तंतूंचा जुडगा. तेथे दाब पडला तर पाय लुळा पडेल, सुन्न होईल, मांडीतून कळ जाईल. तो ताठणार नाही. पाय खरोखर ताठत असेल तर शोध वर घ्यावयास हवा, पाठीत, मानेत, डोक्यात. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबल्यामुळे पाय ताठलेली माणसे कमरेचे निर्दोष चित्र बगलेत मारून वर्षानुवर्षे हिंडतात, आणि तोवर सदऱ्याची गुंडी लावणारी बोटेही अडखळू लागतात. हा विकार वेळीच ओळखला तर त्याची वाढ रोखता येते. म्हणजे उत्तर शोधीत हिंडणे ही येथे चैन नसते.

शब्दांनी या बाबतीत किती घात केला आहे, ते साहित्याच्या मासिकात सांगितले तर अस्थानी होणार नाही. लंडनच्या हॉक्स्टन भागात व्यवसाय करणाऱ्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या रोगावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तीत सहा रुग्णांचे वर्णन आहे. त्यांतील दोघे त्याला रस्त्यात भेटलेले होते, आणि एकाला तर त्याने दुरूनच पाहिले होते. चालीचे व कंपाचे वर्णन त्याने अप्रतिम केले. परंतु सांधा हातात घेतल्यावाचून जो कळावयाचा नाही, तो ताठरपणा त्याच्या वर्णनातून निसटला. रोगाला त्याने नावही कंपाचेच दिले. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील शार्कोने या नावावर हरकत घेतली. सर्वच रुग्ण कापत नाहीत आणि त्यांची शक्तीही गेलेली नसते, मग 'कंप' आणि 'पक्षाघात' हे दोन्ही शब्द खोटे, असे म्हणून त्याने रोगास पार्किन्सनचे नाव द्यावे असे सुचविले. आपण मराठीत मात्र 'कंपवात' धरून बसलो आहो. शब्द जुना आहे, भारदस्त आहे, आणि दिशाभूल करणारा आहे. आरंभी चारपैकी निदान एका रुग्णाला कंप नसतोच. कोणाचा खांदा आखडतो, कोणाचे अक्षर बारीक होत जाते, कोणाचा एक हात चालताना हलेनासा होतो. चाळिशीच्या आत ज्यांना हा रोग होतो त्यांच्यात तर चालताना पाऊल वळणे व आखडणे हीच पहिली खूण असू शकते. अशा माणसाने शंका बोलून दाखविली की मित्रमंडळी त्याचे हात पाहतात आणि म्हणतात, 'अहो, तुमचा हात तर स्थिर आहे!' शब्दाने दिलेला हा दिलासा फुकाचा असतो.

आणि परप्रांतात राहणाऱ्याच्या वाट्यास याहून मोठी अडचण येते. 'पाय धरतो', 'पाय भरून येतो', 'पाय आखडतो', 'पाय ओढतो', 'गोळा येतो', 'पाय जड होतो' ही सारी मराठीत निरनिराळी दुखणी आहेत. आपल्या आयांनी व आजींनी ती वेगळी ओळखली म्हणून तर शब्द वेगळे झाले. मी माझी कैफियत हिंदीतून सांगितली. हिंदी माझी वाईट नाही. कचेरीचे टिपण मी हिंदीतच लिहितो. दुखत नाही, असेही दोनदा सांगितले. तरी समोरच्या निवासी डॉक्टराने कागदावर लिहिले, 'बाएँ पैर में दर्द'. त्या तरुणाचा दोष मी फार मानीत नाही. त्याच्या मागे सत्तर माणसांची रांग होती. पण एकदा 'दर्द' लिहिले गेले की पुढचा सारा प्रवास ठरतो: वेदनाशामक गोळी, शेक, कंबरपट्टा आणि कमरेचे चित्र. बंगलोर, मद्रास किंवा गौहाटीस बदली झालेल्या बांधवांची स्थिती याहून बिकट असणार. तेथे मध्ये एक दुभाषा शिपाईही असतो.

एका प्रश्नाची तर पाचही जणांनी वासलात लावली. तो म्हणजे, 'कोणकोणत्या गोळ्या घेता?' हा प्रश्न कोणी गांभीर्याने विचारलाच नाही. पार्किन्सनसारखी हुबेहूब लक्षणे काही औषधांनीच उत्पन्न होतात. मनोविकारांवरील काही औषधे तशी आहेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु पोटाच्या व चक्करेच्या साध्या गोळ्याही तशा आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? ओकारीवरील मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरील सिनारिझिन व फ्लुनारिझिन, आणि आम्लपित्ताच्या गोळीत मिसळून येणारे लेव्होसल्पिराइड ही सारी डोपामिनच्या कामात अडथळा आणू शकतात. खानावळीचे तिखट जेवण, अवेळी चहा, कचेरीतील बैठे काम, यांमुळे आम्लपित्त हा तर आपल्या वर्गाचा जणू पदसिद्ध विकार. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी मनुष्य दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेत राहतो. अशी गोळी डॉक्टराच्या सल्ल्याने बंद केली तर काही आठवड्यांत वा महिन्यांत पुष्कळांचा ताठरपणा उतरतो. काहींचा उतरत नाही आणि मग मूळ रोग आधीपासूनच दडलेला होता असे आढळते. कोणत्याही प्रकारे उत्तर मिळते. तेही एक पैसा खर्च न करता. (ही गोळी आपल्या मनाने एकाएकी सोडावी असे मात्र मी सुचवीत नाही.)

दुसरा न विचारला जाणारा प्रश्न, 'आजवर कोठे कोठे राहिलात?' बदलीच्या नोकरांना तरी तो विचारलाच पाहिजे. मध्य हिंदुस्थानात अधिकारी असलेल्या स्लीमनने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सागर भागातील अशा तरुणांची हकीकत दिली आहे की, ज्यांचे कमरेखालचे अंग पिके बुडालेल्या वर्षांत लाखेची डाळ खाऊन निकामी झाले. स्लीमन डॉक्टर नव्हता. तो आपल्यासारखाच घरापासून दूर नेमलेला सरकारी नोकर होता, पण त्याने लोकांना विचारले व त्यांनी सांगितले ते ऐकून लिहून ठेवले. नेल्लोर जिल्ह्यात पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे कणा व सांधे ताठलेल्या माणसांचे वर्णन १९३७ साली प्रसिद्ध झाले. मी आज ज्या राजस्थानात आहे तेथील कित्येक जिल्ह्यांच्या भूजलात हा दोष आहे. माझ्या पायाचे कारण पाण्यात आहे असे मी म्हणत नाही. कोणी विचारले नाही, एवढेच म्हणतो.

सर्व अहवाल निर्दोष आल्यावर शेवटी जो शब्द बाहेर येतो तो 'टेन्शन'. बदली, घरापासून दूर, मुलांच्या शाळा. कारणे हाताशी असतातच. मनाच्या द्वारे शरीरात लक्षणे उमटतात, ती खरी असतात आणि बरी होतात, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तेही एक निदान आहे. त्याच्याही निश्चित खुणा आहेत आणि त्या तपासून पाहाव्या लागतात. दुसरे काही सापडले नाही म्हणून उरलेल्या जागेत 'मन' भरून टाकणे हे निदान नव्हे. कचेरीत ज्या रकमेचा ताळा लागत नाही ती 'किरकोळ' या सदराखाली घातली तर लेखापरीक्षक आपल्याला सोडील काय?

शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपचारांविषयी दोनच शब्द. खाजकुइलीचे चूर्ण घ्या, असे मला तिघांनी सांगितले. ही थट्टेची गोष्ट नव्हे. दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली याच बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला, आणि तोच लेव्होडोपा पुढे १९६० नंतरच्या दशकात या रोगाचे प्रमुख औषध ठरला. म्हणूनच ते चूर्ण मापाविना व सांगितल्याविना घेऊ नये. औषधाचा गुण येतो की नाही हेही निदानाचे एक साधन आहे, आणि तेच त्यामुळे गढूळ होते.

आमचे ज्येष्ठ स्नेही विचारतात की, नाव कळून तरी काय होणार? सरकारी नोकराने हे विचारावे याचे मला नवल वाटते. रजेसाठी आपण जे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडतो, तो १९७२ च्या रजा नियमांतील तिसरा नमुना, आपणांपैकी कित्येकांच्या टेबलावरून रोज जातो. त्यात डॉक्टर असे लिहून देतो की, आपण स्वतः काळजीपूर्वक तपासणी केली असून हा मनुष्य अमुक रोगाने आजारी आहे. त्या 'अमुक'च्या जागी प्रश्नचिन्ह चालत नाही. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात पार्किन्सन हा रोग नावानिशी आहे, आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या नोकरास काढून टाकता येणार नाही वा खालच्या पदावर आणता येणार नाही, असे त्याच कायद्याचे विसावे कलम सांगते. हे संरक्षण मागावयास कागदावर काहीतरी निश्चित लिहिलेले लागते. शिवाय, मज्जारज्जूवरील दाब, ब-१२ जीवनसत्त्वाची तूट, गोळ्यांचा दुष्परिणाम ही सारी नावे अशी आहेत की ती कळताच उपाय सुरू करता येतो. आणि सकाळी बरा असून सायंकाळी ताठणारा असा एक विकार आहे की, तो लेव्होडोपाच्या अगदी अल्प मात्रेने वर्षानुवर्षे आवरतो. तो कळला नाही म्हणून आयुष्य कुबड्यांवर काढलेली माणसे वैद्यकाच्या वाङ्मयात नमूद आहेत.

डॉक्टरांची बाजू मी विसरलो नाही. एकशेचाळीस कोटींच्या देशात मज्जासंस्थेचे तज्ज्ञ काही हजारच आहेत आणि तेही मोठ्या शहरांत एकवटलेले. बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी शंभर माणसे पाहावयाची, त्यात कोणाला वीस मिनिटे देणार? हे खरे आहे. पण गर्दीचे हे कारण 'तुम्हाला काही झालेले नाही' या वाक्याचे समर्थन होऊ शकत नाही. 'मला आज वेळ नाही' असे म्हणावे. 'मला अजून कळलेले नाही, चार महिन्यांनी पुन्हा पाहू' असेही म्हणावे. या रोगात ते शेवटचे वाक्य तर अगदी शास्त्रशुद्ध आहे. आरंभी खुणा अपुऱ्या असतात, आणि चांगले चांगले तज्ज्ञही काही काळ थांबून पुन्हा पाहतात. मात्र पुन्हा पाहावयाचे तर पहिल्या दिवशी काय दिसले ते लिहून ठेवलेले हवे: कोणता पाय, किती ताठ, अंगठा वर की खाली, वीस पावलांस किती वेळ. माझ्या पाच कागदांपैकी एकावरही हे नाही. आपण तीन-चार वर्षांनी गाव बदलतो. आपल्याबरोबर सेवापुस्तिका जाते, शेवटच्या पगाराचा दाखला जातो, आणि हळूहळू पुढे सरकणाऱ्या रोगाची नोंद मात्र जुन्या शहरात राहते. ज्या रोगाला एकच डोळा वर्षानुवर्षे हवा, त्याला दर बदलीगणिक नवा डोळा मिळतो आणि तो पहिल्यापासून आरंभ करतो, पुन्हा कमरेपासून.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस मी एक लेखी सूचना केली आहे, आणि इतर शहरांतील मंडळांनीही तिचा विचार करावा. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना व घरच्यांना एकत्र आणून मराठीतून या विषयावर बोलते. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, बंगलोरचे निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाळ संस्था येथे हालचालींच्या विकारांकडे खास लक्ष दिले जाते. ही माहिती आपल्या सूचनाफलकावर नाटकाच्या तिकिटांशेजारी का असू नये? येत्या माघात गणेशजयंतीच्या आदल्या रविवारी एक तास या कामासाठी मागितला आहे. येथील एक तज्ज्ञ मोबदला न घेता येण्यास तयार आहेत. मराठी त्यांना समजत नाही, म्हणून 'धरणे', 'आखडणे', 'ओढणे' यांचा हिंदी खुलासा एका कागदावर लिहिण्याचे काम मी पत्करले आहे. सभासदांनी येताना बुटांचा नित्याचा जोड घालून यावे, आणि घरात असतील तेवढी गोळ्यांची पाकिटे, आम्लपित्ताचीसुद्धा, पिशवीत घालून बरोबर आणावी.